गंज काढण्यास वीज कोणती घ्यावी?

घरोघरच्या माळ्यावर एखादी विळी, आजीचा अडकित्ता किंवा लोखंडी खल गंजून पडलेला असतो. जालना जिल्ह्यांतील हसनाबादसारख्या गांवीं काय किंवा शहरांत काय, अशा वस्तूची पुढची वाट बहुधा भंगारवाल्याच्या तराजूकडे जाते. खुद्द जालन्यास जुनें लोखंड वितळवून बांधकामाच्या सळ्या करण्याचा मोठा उद्योग आहे. सळ्या उपयोगी खऱ्याच. परंतु तीन पिढ्यांनीं सुपारी कातरलेला अडकित्ता एकदां भट्टींत गेला कीं पुन्हां मिळत नाहीं. तत्पूर्वीं त्याचा गंज विजेच्या साह्यानें काढून पाहावा.

रीत सोपी आहे. प्लॅस्टिकच्या बादलींत दर लिटर पाण्यास एक मोठा चमचा धुण्याचा सोडा विरघळवावा. गंजलेली वस्तु ऋण टोंकास व टाकाऊ लोखंडी पत्रा धन टोंकास जोडून, एकमेकांस न शिवतील अशा बेतानें दोन्ही पाण्यांत सोडावीं. प्रवाह सुरू होतांच वस्तूवर हायड्रोजनचे बुडबुडे उठतात. गंज काळसर व सैल होऊन ब्रशानें निघतो. टोंकें उलट जोडलीं, तर झिजेल तो अडकित्ताच!

खरा प्रश्न विजेचा. ती एकाच दिशेनें वाहणारी असावी, तिचा दाब अल्प असावा आणि दोन-तीन अँपिअर प्रवाह तिनें तासन्‌तास पुरवावा. भिंतींतील विजेंत पहिले दोन्ही गुण नाहींत. ती सेकंदास ५० आवर्तनें करते व तिचा दाब २३० व्होल्ट असतो. ती थेट बादलींत सोडणें म्हणजे प्राणाशीं खेळ होय. विजेरीचे सेल निर्धोक, पण लौकर दमणारे. मोटारीची बॅटरी समर्थ खरी; मात्र आंतील दोन लोखंडें भिडलीं, तर शेंकडों अँपिअर वाहून तारा लाल होतात. म्हणून मोटारीचा १२ व्होल्टांचा दिवा मध्यें जोडल्यावांचून ती वापरूं नये.

सर्वांत सोयीचा १२ व्होल्टांचा बॅटरी-चार्जर, तोहि जुन्या साध्या घाटणीचा. नवे स्वयंचलित चार्जर समोर बॅटरी असल्यावांचून बहुधा प्रवाह सोडीतच नाहींत. तसा जुना न मिळाल्यास एलईडी दिव्यांच्या पट्टीसाठीं विकत मिळणारा १२ व्होल्ट, ५ अँपिअरचा ॲडॅप्टर घ्यावा. एखाद्या लहान किल्लीस मोबाईलचा ५ व्होल्टांचा चार्जरहि सावकाश पुरतो.

कांहीं पथ्यें अवश्य पाळावीं. ३ अँपिअर प्रवाह ८ तास चालल्यास सुमारें १० लिटर हायड्रोजन निघतो. तो पेट घेणारा असल्यानें बादली उघड्यावर, विस्तवापासून दूर ठेवावी. स्टेनलेस स्टीलचा पत्रा वापरूं नये, त्यांतून क्रोमियमचें विष उतरतें. मीठ घालूं नये, क्लोरीन निघतो. ॲल्युमिनियमची वस्तु सोड्यांत झिजते. प्रवाह बंद केल्यावांचून पाण्यांत हात घालूं नये. शेवटीं वस्तु धुवून तत्काळ कोरडी करावी व तेलाचा हात फिरवावा.

गंजानें खाल्लेलें लोखंड परत येत नाहीं. परंतु उरलेलें वांचतें, आणि अडकित्ता पुन्हां पानाच्या डब्यांत जाऊन बसतो.