टांकसाळीची चूक की कानशीचं काम?

कडेला चंद्रकोरीएवढा तुकडा नसलेलं रुपयाचं नाणं हाती आलं की लगेच फोटो काढला जातो आणि ‘मिंट एरर, दुर्मिळ’ म्हणून किंमत सांगितली जाते. अशी खरी नाणी असतात. पण तसंच नाणं कानशीने घरीही होतं. दोघांतला फरक भिंगाखाली दिसतो, कारण धातूवर काय आधी घडलं आणि काय नंतर, याची खूण राहते.

टांकसाळीत धातूच्या पट्टीतून गोल चकत्या कापतात, त्यांची कड दाबून जराशी उचलून घेतात. मग छापा आणि काट्याचे ठसे चकतीवर दोन्ही बाजूंनी प्रचंड दाबाने बसतात. तेव्हा तिच्याभोवती पोलादी कडं असतं, त्यामुळे धातू बाहेर न पसरता ठशाच्या खाचांत शिरतो. खरी चूक यातल्या कुठल्या तरी पायरीवर झालेली असते. पायरीच सांगता येत नसेल, तर नाणं बाहेर आल्यावर खराब झालं असं मी धरून चालतो.

आता ती चंद्रकोर. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, तर कापणारा पंच आधीच्या भोकावर थोडा चढतो आणि चकतीच्या कडेला खोट राहते. पुढे कड उचलताना चकती दोन बाजूंनी दाबत फिरवली जाते. खोट असेल तिथे दाब बसत नाही, म्हणून तिच्या बरोबर समोरची कडही नीट उठत नाही. खोटेजवळची अक्षरं फिकट होतात, मोकळ्या जागेकडे ओढल्यासारखी दिसतात. कानशीने घासलेल्या नाण्यावर अक्षर मध्येच सरळ तुटतं आणि समोरची कड ठणठणीत असते. खोट फार लहान असेल तर समोरची खूण दिसेलच असं नाही. तेव्हा अक्षरांकडे पाहावं.

ठशाला तडा गेला की त्यात धातू शिरतो, म्हणून नाण्यावर उंच रेघ उमटते. ओरखडा खोल असतो आणि त्याच्या काठाला उकरलेल्या धातूचा बारीक बांध दिसतो. बोटाच्या नखालाही हे पुष्कळदा कळतं. मात्र प्रत्येक खड्डा नंतरचाच असतो असं नाही. ठसा आणि चकती यांच्यामध्ये धागा अडकला तर त्याची खोल नक्षी उमटते, ग्रीस साचलं तर अक्षरंच गायब होतात.

दुहेरी अक्षरांच्या बाबतीत लोक सर्वाधिक फसतात. अमेरिकेच्या 1955 च्या एका सेंटवर साल आणि अक्षरं ठळक दुहेरी आहेत, कारण ठसा घडवतानाच त्यावर दोन छाप किंचित वेगळ्या कोनात बसले होते. अशा नाण्यावर दोन्ही अक्षरं भरीव असतात. ठोका बसताना ठसा नुसता हलला, तर अक्षराची कड घासली जाऊन चपटी पायरी तयार होते. हेही टांकसाळीतच घडतं, पण संग्राहक त्याला जवळजवळ काहीच मोल देत नाहीत.

जुन्या नाण्यांना हे निकष लावू नयेत. शिवराई हाताने ठोकलेली, ठसा पुष्कळदा चकतीपेक्षा मोठा. ‘श्री राजा शिव’ ही अक्षरं अर्धवट सुटणं हे त्या पद्धतीत नेहमीचंच. त्यामुळे ‘चुकीची शिवराई’ म्हणून कोणी जास्त पैसे मागितले तर देऊ नका.

संशय आलेलं नाणं घासू नका, पॉलिश करू नका; खुणा असतात त्या त्याच पृष्ठभागावर. साधं भिंग आणि सराफाच्या काट्यावरचं वजन एवढ्यावर पहिली चाचणी होते. आणि जुन्या नाण्यांच्या व्यवहारात रिझर्व्ह बँकेच्या नावाने कोणी शुल्क किंवा कमिशन मागितलं, तर ती फसवणूक आहे. बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीरपणे सांगितलं आहे की असे व्यवहार ती करत नाही आणि त्यासाठी तिने कोणालाही नेमलेलं नाही.