भिवापुरी तिखट आणि पायाची आग

पायाची आग होते, मुंग्या येतात, रात्री चादरीचा स्पर्शही सहन होत नाही. मधुमेहाने किंवा नागिणीनंतर मज्जातंतू दुखावले की असे होते. यावरचे एक औषध नागपूर जिल्ह्याला परके नाही. भौगोलिक मानांकन मिळालेल्या भिवापुरी मिरचीला तिखटपणा देणारे कॅप्सेसिन ते हेच! वेदनातंतूंवरच्या टीआरपीव्ही१ या ग्राहीला ते चिकटते. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ साली ही ग्राही शोधली. २०२१ साली त्यांना नोबेल मिळाले. मात्रा मोठी असली की तंतूंची टोके काही आठवडे, कधी महिनेही, थंडावतात. ८ टक्के कॅप्सेसिनच्या पट्टीला अमेरिकेत २००९ साली मान्यता मिळाली. अडचण एकच, पण मोठी : लावतानाची जळजळ.

इथे नॅनोवाहकांकडून आशा आहे. केसाच्या जाडीपेक्षा शेकडो पट लहान अशा स्निग्ध कणांत औषध भरले, की ते त्वचेच्या वरच्या थरातून आत शिरते आणि एकदम न सुटता हळूहळू सुटते. त्यामुळे जळजळ कमी व्हावी, हा हेतू. काम अजून मुख्यतः प्रयोगशाळेतच आहे. घरचे तिखट मात्र पायाला कधीच चोळू नका. कातडी भाजते आणि मधुमेहाने बधिर झालेल्या पावलाला ते कळतही नाही.