तक्रार नसलेला आजार

अंजनगाव सुर्जीहून एका वाचक ताईंनी विचारलंय: अमेरिकेत गुप्तरोगाची तपासणी आता घरीच होते म्हणे. आपल्याकडे ती आली, तर औषधही घरच्या घरी घेता येईल का?

बातमी खरी आहे. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ‘व्हिस्बी’ कंपनीच्या किटला मंजुरी दिली. बाईने कापसाच्या काडीवर स्वतःच योनीतला स्राव घ्यायचा आणि तळहातावर मावेल अशा यंत्रात टाकायचा. साधारण अर्ध्या तासात क्लॅमिडिया, परमा आणि ट्रायकोमोनास या तिघांचा निकाल लागतो. आत चालतं ते कोविडमुळे सगळ्यांना ठाऊक झालेलं पीसीआरच. जंतूच्या डीएनएचा ठरावीक तुकडा दर फेरीला दुप्पट होतो, तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींवर जातात!

मला मात्र यंत्राहून ती काडी मोठी वाटते. स्वतः घेतलेला नमुना डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याइतकाच भरवशाचा असतो, हे आता सिद्ध झालंय. टेबलावर झोपून तपासून घ्यायच्या संकोचानेच किती बायका दवाखान्याची पायरी चढत नाहीत.

अशा न तपासलेल्या बायकांत किती आजार दडलेला असतो, हे आपल्या विदर्भातूनच जगाला कळलं. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तो अभ्यास छापून आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते, सरासरी एकीला ३.६. त्यातला निम्मा भार जननमार्गाच्या संसर्गांचा होता (सगळेच काही संबंधांतून आलेले नव्हेत). आधी कधी तपासणी-उपचार झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. बंग दाम्पत्य म्हटलं की आपल्याला बालमृत्यूवरचं काम आठवतं. राणीताईंचं नाव पहिलं असलेला हा अभ्यास मागे पडतो, याची मला फार चुटपुट वाटते.

याच अभ्यासातला आणखी एक आकडा बघा. तक्रार सांगणाऱ्या बायका ५५ टक्केच होत्या. म्हणजे त्या सगळ्या आजारी धरल्या, तरी शंभरातल्या किमान ३७ जणी काहीच न जाणवता आजार अंगावर वागवत होत्या. गुप्तरोगांसाठीच्या आपल्या सरकारी ‘सुरक्षा क्लिनिकां’त मात्र लक्षणांवरून औषध देण्याचीच पद्धत रुळली. स्राव, जखम, ओटीपोटात दुखणं, जशी तक्रार तसं रंगीत पाकीट. प्रयोगशाळेवाचून उपचार लगेच सुरू होतात, हे तिचं मोठं बळ. पण तक्रारच नसेल तर पाकीट कुणाला देणार? क्लॅमिडिया बहुतेक बायकांत गुपचूप राहतो, गर्भनलिकेपर्यंत चढतो, आणि मूल होत नाही म्हणून बोल लागतो तो बाईलाच.

म्हणून घरच्या तपासणीला माझा मनापासून होकार आहे. घरच्या औषधाला नाही. मेडिकलवरून आणलेल्या अर्ध्यामुर्ध्या गोळ्यांनी परम्याचे जंतू मरत नाहीत, निर्ढावतात. पेनिसिलिन, टेट्रासायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन ही औषधं त्यांनी एकेक करून निकामी केली. आता मुख्य भिस्त सेफ्ट्रायॅक्सोनच्या इंजेक्शनवर आहे.

घरी करायच्या उपदंशाच्या (सिफिलिसच्या) पट्टी-तपासणीचा घोळ वेगळाच. ती रक्तातली प्रतिपिंडं शोधते, आणि ती बरं झाल्यावरही बहुधा जन्मभर राहतात. मेळघाटातल्या नाल्याकाठी वाघाचा पंजा उमटलेला दिसला, तर वाघ येऊन गेला एवढंच कळतं. तो अजून तिथेच आहे का, हे नाही. त्यासाठी व्हीडीआरएलसारखी तपासणी लागते. तिचा आकडा उपचारानंतर उतरतो. एचआयव्हीच्या घरच्या पट्टीची अडचण याउलट: लागण ताजी असेल तर ती तीन महिन्यांपर्यंतही ‘नाही’ म्हणू शकते.

तेव्हा ताई, निकाल काहीही आला तरी डॉक्टर हवेतच. त्यासाठी अमरावतीला जाण्याआधी एड्स हेल्पलाइनच्या १०९७ या मोफत क्रमांकावर विचारून घेता येईल. जाताना नवऱ्यालाही न्या. त्याच्यावर उपचार झाले नाहीत, तर बऱ्या झालेल्या बाईला तोच जंतू पुन्हा लागतो. क्लॅमिडिया आणि परम्याच्या पीसीआरसाठी त्याला काडीसुद्धा लागत नाही. तासभर लघवी न करता थांबून मग सुरुवातीची थोडी लघवी बाटलीत दिली की पुरतं.