पिवळ्या कड्याची दोन वर्षे

मिशिगन विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ १९९७ च्या हंगामात एकही सामना हरला नाही आणि असोसिएटेड प्रेसच्या क्रमवारीत देशात पहिला आला. पुढच्याच वर्षी ॲन आर्बरच्या त्यांच्या स्टेडियममध्ये खुर्च्या वाढल्या, आसनसंख्या एक लाख सात हजारांच्या वर गेली आणि काठावर सगळीकडून एक भलेमोठे पिवळे कडे चढले. त्यावर निळ्या रंगात विद्यापीठाच्या विजयगीतातले शब्द होते आणि पंखांचे चित्र असलेली हेल्मेटे होती. ते गीत १८९८ चे, म्हणजे शताब्दीचा योगही साधला होता. लोकांनी या कड्याला ‘हेलो’, म्हणजे तेजोवलय, म्हणायला सुरुवात केली. त्यात कौतुक कमी, कुचेष्टा जास्त.

खरे तर तक्रारीला जागा नव्हती. कडे कोणा कंपनीची जाहिरात करत नव्हते. रंग विद्यापीठाचे, गाणे विद्यापीठाचे, हेल्मेटही १९३८ मध्ये प्रशिक्षक फ्रिट्झ क्रिसलर यांनी आणलेले. शिवाय आराखडा रॉबर्ट व्हेंचुरी आणि डेनिस स्कॉट ब्राउन यांच्या कार्यालयाचा. लास व्हेगासच्या झगमगत्या पाट्यांकडे वास्तुकारांनी नाक न मुरडता बघावे, हे १९७२ मध्ये पुस्तक लिहून जगाला शिकवणारी ही जोडी. फलकांची बाजू मांडायला याहून मोठे वकील मिळाले नसते, आणि तरी ते खटला हरले.

माझ्या मते घोळ जागेचा होता. व्हेगासची पाटी धावत्या मोटारीतल्या अनोळखी माणसाला थांबवण्यासाठी असते. इथे लाखभर माणसे आधीच येऊन बसलेली, तीही निळे-पिवळे कपडे घालून. ज्यांना ते गाणे तोंडपाठ आहे त्यांनाच ते शब्द मोठ्या अक्षरांत वाचून दाखवायचे! तेव्हाचे क्रीडाप्रमुख फील्डिंग योस्ट यांनी १९२७ मध्ये बांधलेले हे स्टेडियम बरेचसे जमिनीत खोदलेले आहे. रस्त्यावरून ते बुटके दिसते, आत शिरल्यावर मात्र पायाखाली एकदम माणसांचे विवर उघडते. आत जाहिराती नसत, याचा इथल्या जुन्या प्रेक्षकांना देवळाइतका अभिमान. साधेपणा हीच त्यांची मिरवण्याची गोष्ट होती. कड्याने नेमकी तीच हिरावली.

माजी विद्यार्थ्यांची कुरकुर थांबेना. क्रीडा विभागाचे प्रमुख बदलले, विभागाची तिजोरीही तेव्हा तंगीत होती, आणि नवे प्रमुख बिल मार्टिन यांनी २००० मध्ये कडे उतरवून टाकले.

विद्यापीठाच्या रंगाचे भांडण कड्याच्या भांडणाहून जुने. विद्यार्थ्यांनी १८६७ मध्ये मक्याचा पिवळा आणि आकाशी निळा निवडला. पण छटा कोण ठरवणार? कापडागणिक त्या बदलत गेल्या, आणि १९१२ च्या सुमारास विद्यापीठाला समिती बसवून त्या पक्क्या कराव्या लागल्या. खेळाडू तरी गडद निळाच वापरत राहिले. पुढे आदिदास कपडे पुरवत असताना जर्सीवरचा पिवळा इतका भडक झाला, की चाहते त्याला वहीत ओळी ठळक करायच्या मार्करचा रंग म्हणत. २०१६ मध्ये आधीची पुरवठादार नायके परत आली तेव्हा जर्सीच्या कापापेक्षा पिवळ्याच्या छटेचीच चर्चा अधिक झाली.

मधल्या काळात क्रीडा विभागाच्या प्रमुखपदी डेव्ह ब्रँडन येऊन गेले. डॉमिनोज पिझ्झाचे माजी प्रमुख, आणि विद्यार्थी असताना याच संघात. त्यांच्या कारकिर्दीत मोठे पडदे आले, रात्रीचे सामने आले. २०१३ मध्ये तर क्राफ्ट कंपनीची एक अजस्र मॅकरोनी स्टेडियमपाशी उभी राहिली! ओरड झाली आणि ती लगेच हलवली गेली. पुढच्या वर्षी कोकच्या दोन बाटल्यांवर तिकिटे देण्याची योजना निघाली, तीही अंगाशी आली. ऑक्टोबर २०१४ च्या अखेरीस ब्रँडन यांनी राजीनामा दिला. संघ हरत होता हे मोठे कारण, पण मॅकरोनी लोकांच्या लक्षात राहिली.

कडे गेल्यावर स्टेडियमच्या काठावर वाढ झालीच नाही असे नाही. २०१० मध्ये दोन्ही बाजूंना विटांच्या इमारती चढल्या, आत श्रीमंतांच्या खोल्या. त्यालाही आधी विरोध झाला होता, पण त्या टिकल्या. विटा काही बोलत नाहीत, हे त्यांच्या पथ्यावर पडले असावे.

२०२४ पासून अमेरिकेतल्या महाविद्यालयीन संघांना थेट मैदानाच्या गवतावर प्रायोजकांची नावे रंगवायला परवानगी मिळाली आहे. खेळाडूंनाही आता पैसे द्यावे लागतात, तेव्हा मोह कळण्यासारखा आहे. तरी ॲन आर्बरमध्ये ब्रश हातात घेण्यापूर्वी संबंधितांनी १९९८ ते २००० ची कात्रणे एकदा काढून वाचावीत.