शेवटच्या नळाचे गणित

तंत्रज्ञानाची समाजाशी आणि रोजच्या जगण्याशी सांगड घालणारे जे विषय अभियांत्रिकीच्या पदवी अभ्यासक्रमात असतात, ते मूळ विषयांना अलीकडे जोडलेली पुरवणी होत, असे विद्यार्थी आणि पालक सर्रास समजतात. वस्तुतः ही वाट बरीच जुनी आहे. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात डेव्हिड बिलिंग्टन यांनी पूल आणि इमारतींकडे समाजाच्या अंगाने पाहणारा अभ्यासक्रम १९७४ सालीच सुरू केला होता. मुंबईच्या आयआयटीत ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञान शोधणारे ‘सितारा’ हे केंद्र १९८५ मध्ये उभे राहिले, आणि त्या अनुभवाच्या आधारावर २०१६ पासून ‘उन्नत महाराष्ट्र अभियाना’ने राज्यातील इतर महाविद्यालयांनाही आपापल्या परिसरातील प्रश्नांकडे वळवले.

हे विषय ऐच्छिक समाजसेवेसारखे असतात, हाही समज खरा नाही. अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या ‘वॉशिंग्टन करारा’चा भारत २०१४ मध्ये पूर्ण सदस्य झाला, आणि पदवीधराच्या अंगी कोणत्या क्षमता याव्यात याची जी यादी मूल्यांकनासाठी वापरली गेली, तिच्या बारा कलमांत ‘अभियंता आणि समाज’ हे स्वतंत्र कलम होते.

सर्वांत घट्ट रुजलेला गैरसमज मात्र या विषयांत गणित नसते हा आहे, आणि नुकसानही त्यानेच अधिक होते. एखाद्या गावाची नळपाणी योजना अभ्यासाला घेतली, तर जल जीवन मिशनच्या निकषानुसार माणशी दररोज ५५ लिटर धरून २,००० वस्तीला १,१०,००० लिटर पाणी लागते. ते ३० मीटर उंच चढवायला, पंपसंचाची कार्यक्षमता, म्हणजे खर्ची पडलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा, निम्मी मानल्यास सुमारे १८ युनिट वीज लागते. इथवरचे गणित पाठ्यपुस्तकातही असते. पुढचे मात्र गावातच करावे लागते, कारण त्यातले आकडे कोणी आयते दिलेले नसतात. टोकाच्या घरी नळाखाली १५ लिटरची बादली ठेवून ती भरायला पाच मिनिटे लागली, तर प्रवाह मिनिटाला ३ लिटर ठरतो. पाणी पाऊण तास येत असेल, तर पाच माणसांच्या त्या घराला १३५ लिटर, म्हणजे माणशी २७ लिटर मिळते. टाकी भरलेली असूनही निम्मे पाणी कुठे गेले हे शोधताना जलवाहिनीतील घर्षणाने घटणारा दाब, वरच्या आळीतील घरांनी थेट नळाला लावलेल्या मोटारी, वीज येण्याच्या वेळा, थकलेली पाणीपट्टी आणि त्या टोकाला कोणाची वस्ती आहे, हे सारे एकाच उदाहरणात मांडावे लागते. यातले एक जरी वगळले, तरी कागदावर ५५ लिटर येतात आणि बादलीत २७.