भाड्याच्या घराचे पाणी बंद पडले तर?

तुमच्या घराचा वरचा मजला तुम्ही भाड्याने दिला आहे. दरमहा १२,००० रुपये खात्यात जमा होतात. ऐन एप्रिलमध्ये भाडेकरूचा फोन येतो, “काका, मोटर जळली, नळाला पाणी नाही.” अशा वेळी खर्च कोणी करायचा? आणि पैसे कोठून आणायचे?

जबाबदारी कोणाची?

केंद्र सरकारच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यानुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर पाइप बदलणे आणि वायरिंग ही घरमालकाची कामे आहेत. नळ, गीझर, स्विच यांची दुरुस्ती भाडेकरूने करायची असते. मोटर आणि टाकीचा खर्च कोणाचा, हे करारात स्पष्ट लिहून घ्या.

हा नमुना कायदा आहे. राज्याने तो स्वीकारला तरच तेथे लागू होतो, त्यामुळे आपल्या राज्यातील नियम तपासा.

टाळाटाळ केल्यास

नमुना कायद्यानुसार, मालकाने आपल्या वाट्याची दुरुस्ती नाकारली तर भाडेकरू ती करून घेऊन खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका महिन्यात निम्म्या भाड्यापेक्षा जास्त नाही. घर राहण्याजोगे नसेल आणि लेखी मागणी करूनही मालक नकार देत असेल, तर १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन तो घर सोडू शकतो. समजा, मोटरीला ८,००० रुपये लागणार होते. ते वाचवताना घर दोन महिने रिकामे राहिले, तर २४,००० रुपयांचे भाडे बुडते.

भाडे थकले म्हणून पाणी किंवा वीज तोडू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २९ नुसारही रास्त कारणाशिवाय अत्यावश्यक सेवा तोडता येत नाही. थकबाकीसाठी कायदेशीर मार्गच धरा.

पैशांची तयारी

- भाड्यातील १,००० रुपये दरमहा वेगळ्या बचत खात्यात ठेवा. वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे एका महिन्याचे भाडे साठते.
- ३६,००० रुपये जमल्यावर त्यापुढची रक्कम मुदत ठेवीत टाका.
- अनामत रक्कम तुमची कमाई नाही. ती परत करायची आहे; दुरुस्तीसाठी वापरू नका.
- प्राप्तिकरात, भरलेला मालमत्ता कर वजा केल्यानंतर भाड्याच्या ३० टक्के वजावट मिळते. दुरुस्तीवर कितीही खर्च झाला तरी ती वाढत नाही.
- दुरुस्तीची पावती आणि भाडेकरूशी झालेला लेखी निरोप जपून ठेवा.

लक्षात ठेवा: खात्यात आलेले सगळे भाडे म्हणजे उत्पन्न नव्हे. त्यातला एक हिस्सा घराचाच असतो. तो आधी बाजूला काढा, म्हणजे मोटर जळली तरी ना ठेव मोडावी लागेल, ना भाडेकरू गमवावा लागेल.