गोड्या पाण्यातली आगबोट

पूर्व आफ्रिकेतील टांगानिका सरोवर सुमारे ६७० किलोमीटर लांब आणि जवळजवळ दीड किलोमीटर खोल असले, तरी समुद्रावरून त्यात शिरेल असा जलमार्ग त्यास नाही. तेव्हा ज्या सत्तेस तेथे मोठी आगबोट चालवावयाची असेल, तिने ती अन्यत्र घडवून, सुटी करून, खुष्कीच्या मार्गाने आणून किनाऱ्यावर पुन्हा जोडली पाहिजे. जर्मन कैसरच्या सरकारने हा खटाटोप १९१३ साली आरंभिला. पापेनबुर्ग येथील मायर यांच्या कारखान्यात सुमारे ७० मीटर लांबीची बोट उभी राहिली, उभी राहताच उकलली गेली आणि अदमासे ५,००० पेट्यांत भरून दार-एस-सलामच्या बंदरी उतरली. तेथून त्या पेट्या रेल्वेने सरोवराकाठच्या किगोमाकडे निघाल्या, आणि त्याच कारखान्यातून आलेल्या तिघा कारागिरांच्या देखरेखीखाली जोडलेली ती बोट १९१५ च्या फेब्रुवारीत पाण्यात सोडण्यात आली. नाव जर्मन पूर्व आफ्रिकेचे माजी गव्हर्नर काउंट फॉन गोट्झेन यांचे.

तोवर महायुद्ध पेटले होते. उतारू आणि माल यांची ने-आण करावयाच्या बोटीवर तोफ चढली, शिपाई चढले. आणि १९१६ च्या जुलैत किगोमा सोडून माघार घेण्याची पाळी आली, तेव्हा ती शत्रूच्या हाती पडू नये म्हणून बुडवण्याचे ठरले. बुडवणाऱ्या इंजिनियरांनी मात्र यंत्राच्या प्रत्येक भागावर वंगणाचा जाड थर चढवला आणि मगच २६ जुलैस, मालागारासी नदीच्या मुखाजवळ, तिला तळाशी जाऊ दिले. जर्मन पुन्हा परततील, या आशेचेच ते लक्षण. ते परतले नाहीत, आणि त्यांच्या दूरदृष्टीचा लाभ त्यांच्या शत्रूस झाला. बेल्जियनांनी बोट वर काढली, पण ती पुन्हा बुडाली. अखेर १९२४ साली इंग्रजांनी तिला वर आणले, तेव्हा एवढ्या जलसमाधीनंतरही बाष्पपात्रे आणि इंजिने कामाची निघाली. १९२७ च्या मे महिन्यात ती ‘लिएंबा’ या नावाने फेऱ्या घालू लागली.

येथून पुढचा तिचा इतिहास वेळापत्रकाचा आहे, आणि मला तोच अधिक मोलाचा वाटतो. सी. एस. फॉरेस्टर यांची ‘द आफ्रिकन क्वीन’ ही कादंबरी जिच्यावरून सुचली ती हीच बोट; १९५१ च्या चित्रपटात तिचे प्रतिरूप जलसमाधी घेते, आणि खरी बोट त्याच सुमारास उतारूंची चढउतार करीत सरोवरावर फिरत होती. किगोमापासून आजच्या झांबियातील म्पुलुंगूपर्यंतच्या वाटेवर धक्का थोड्याच ठिकाणी होता. इतरत्र बोट किनाऱ्यापासून दूर उभी राहून भोंगा देई आणि होड्यांचा थवा तिला येऊन भिडे. कोकणच्या बोटीने प्रवास केलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांना पडावातून बोटीवर चढतानाची जी धांदल ठाऊक होती तीच येथे, फरक इतकाच की गाठोड्यांच्या जोडीला सुक्या मासळीची पोती असत.

१९७० नंतरच्या दशकात वाफेची इंजिने काढून डिझेलची बसवण्यात आली. सांगाडा जुनाच राहिला. अशा जीर्ण बोटी अन्यत्र केव्हाच भंगारात निघाल्या असत्या. परंतु या सरोवरावर नवी बोट आणणे म्हणजे १९१३ चा सारा खटाटोप पुन्हा करणे, आणि त्यापेक्षा जुनीची डागडुजी करणे नेहमीच स्वस्त पडले. जी दुर्गमता तिच्या जन्मास अडथळा ठरली होती, तिनेच तिचे आयुष्य वाढवले, असे माझे मत आहे.

१९९७ साली कांगोच्या हजारो निर्वासितांना तिने स्वदेशी परत पोहोचवले. २०१५ च्या मे महिन्यात बुरुंडीतून पळालेली माणसे कागुंगा या लहानशा गावी अडकली. मागे उभा डोंगर, गाडीरस्ता नाही, पुढे केवळ पाणी. तेव्हा सुमारे ६०० उतारूंची ही बोट तेथे जाऊन दूर उभी राहिली, मासेमारीच्या होड्या आजारी माणसे आणि लेकुरवाळ्या बाया भरभरून तिच्या कडेला लागल्या, आणि ती त्यांना किगोमास नेऊन सोडून पुढच्या खेपेसाठी परत फिरली.